बगळ्यांचा पहिला सामना

"पप्पा, बबल मध्ये आहे का?"

मी स्टुलावर उभा होतो. हातातली पिवळी लेव्हल भिंतीवरच्या लोखंडी पट्टीला टेकवलेली. तिच्या काचेच्या नळीतला बुडबुडा डावीकडे सरकायचा, मग उजवीकडे. पट्टी वाकडी होती की माझा हात थरथरत होता, ते मला ठरवता येईना.

"थोडा डावीकडे जातोय," मी म्हणालो.

"माझ्या डावीकडे की तुमच्या?"

"दोघंही भिंतीकडे तोंड करून उभे आहोत, अरे. एकच डावीकडे आहे."

पट्टीचं दुसरं टोक धरून उभा असलेला रुहान हसला. रुहान हा माझ्या मुलाचा, वेदांगचा मित्र. दोघं शाळेपासून बरोबर, पुढे कॉलेजलाही बरोबर.

"रुहान, लिफ्ट युवर साइड. अजून. बस. पप्पा?"

"आता मध्ये आहे."

"शुअर?"

या प्रश्नाला ठामपणे हो म्हणणं मला कधी जमलेलं नाही. "वाटतंय तरी," मी म्हणालो. मग वेदांग स्वतः स्टुलावर चढला, त्याने पाहिलं आणि ड्रिल सुरू केलं. पांढरी धूळ खाली माझ्या पुस्तकांच्या खोक्यांवर पडू लागली. मी घाईघाईने त्यांच्यावर चादर टाकली.

ही भिंत आमच्या खोलीतली. म्हणजे वेदांगच्या दुबई-शारजाच्या हद्दीवरच्या अल नहदातल्या फ्लॅटची दुसरी बेडरूम. जुलैमध्ये मी रिटायर झाल्यापासून माझी बायको विभावरी आणि मी तिथे राहत होतो. हॉलला दोन बाजूंनी जमिनीपासून छतापर्यंत काच आहे, त्यामुळे तिथे टीव्हीवर सगळा शारजा-दुबई रस्ता दिसतो आणि टीव्ही दिसत नाही. एवढा मोठा टीव्ही मावेल अशी कोरी भिंत घरात हीच एक होती.

"चार हजार दिरहॅम," विभावरी दारात उभी राहून म्हणाली. तिचे हात डाळीच्या पिठाने भरले होते. "म्हणजे लाखाला थोडेच कमी. भिंतीवर लाख रुपये टांगायचे!"

"आई, सेल होता. ऑलमोस्ट फ्री," वेदांग म्हणाला.

मला मात्र त्या टीव्हीचा आनंद झाला होता. सांगायला संकोच वाटतो, पण सकाळी सामान आणणाऱ्या माणसांनी तो खोका थेट आमच्या खोलीत आणून ठेवला, तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर आता दर शनिवारी ही मुलं आमच्याकडे येऊन बसणार. ज्यांच्या खोलीत टीव्ही, त्यांना कोण उठवणार? मी विभावरीला तसं म्हणालोही. ती पीठ भिजवायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, रात्री आठ वाजता लेकमाँट विरुद्ध कॉल्डर असा सामना होता. लेकमाँट हे वेदांगचं अमेरिकेतलं विद्यापीठ. एका मोठ्या तळ्याच्या काठी आहे म्हणे, आणि त्या तळ्यावरच्या बगळ्यांवरून त्यांच्या फुटबॉल संघाला हेरन्स म्हणतात. आपल्याकडे बगळ्याला फारसं चांगलं नाव नाही, पण तिकडे लाख लाख माणसं निळे सदरे घालून बगळ्यांसाठी ओरडतात. तो फुटबॉलही आपल्याला माहीत असलेला नव्हे. पायापेक्षा हाताने जास्त खेळायचा, आणि त्याहून जास्त एकमेकांच्या अंगावर पडायचा. यंदा देशाच्या क्रमवारीत कॉल्डर चौथे आणि लेकमाँट सातवे. मोसमाच्या पहिल्याच दिवशी असे दोन संघ सहसा भिडत नाहीत. जो हरेल तो पुढचं अख्खं वर्ष मागे वळून या दिवसाकडे पाहत बसणार.

तिकडे शिकून परत आखातात आलेली ही मुलं दर वर्षी पहिल्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी जमतात. प्रत्येकाने आपला अंदाज सांगायचा, दुसऱ्याच्या अंदाजाची टर उडवायची, पोटभर खायचं. शेवटी किकऑफची तालीम. त्याबद्दल पुढे सांगतो. याला ते प्रीव्ह्यू म्हणतात. आणि या वर्षी पहिल्यांदा मी त्या प्रीव्ह्यूला असणार होतो.

माझा यात काय संबंध, असं कोणी विचारलं तर त्याचं विचारणं बरोबर आहे. मी अबू धाबीकडच्या रुवैसच्या तेल कारखान्यात तीस वर्षं नोकरी केली. साहेब म्हणून नव्हे. माझं काम ड्रॉइंगच्या प्रती सांभाळण्याचं. कुठल्या पाइपलाइनचं नवीन ड्रॉइंग आलं की जुन्यावर रद्दचा शिक्का मारायचा, नवी प्रत सगळीकडे पोचवायची आणि साइटवर कुणाच्या हातात जुनी प्रत राहिलेली नाही ना, ते फिरून पाहायचं. बाकीचा वेळ मी वाचत असे. रुवैसला एका बाजूला समुद्र आणि तीन बाजूंना वाळू. तिथे न वाचणाऱ्याने काय करावं, हे मला खरंच माहीत नाही.

वेदांग लेकमाँटला गेला तेव्हा फोनवर आमचं बोलणं तीन वाक्यांत संपायचं. "कसा आहेस?" "फाइन." "जेवलास?" "हो." मग मी फोन विभावरीकडे द्यायचो. एकदा कुठेतरी मी त्यांच्या संघाविषयी वाचलं आणि भीत भीत विचारलं, "तुमच्या सेंटरच्या गुडघ्याला लागलंय म्हणे?" पलीकडून, "पप्पा, तुम्हाला कसं माहीत?" आणि त्या दिवशी माझा मुलगा माझ्याशी अर्धा तास बोलला.

तेव्हापासून मी त्या खेळावर मिळेल ते वाचत गेलो. मैदानात जाऊन कधी पाहिला नाही. वेदांगच्या पदवीदानाला विभावरी एकटी गेली. कारखान्यात तेव्हा मोठ्या दुरुस्तीचा शटडाउन होता आणि माझी रजा नामंजूर झाली. पण दर वर्षी पहिल्या सामन्याच्या आधी मी त्याला इंग्रजीतून एक लांबलचक प्रीव्ह्यू लिहून पाठवायचो. शब्दकोश शेजारी ठेवून. आणि त्याचं उत्तर यायचं. चांगलं दोन पानी. माझ्या मुलाने मला लिहिलेली पत्रं म्हणायची तर ती तेवढीच. तो दुबईत नोकरीला लागला, त्याचं सृष्टीशी लग्न झालं, तरी हा क्रम चालू राहिला.

"या वेळी लाइव्ह वाचा, पप्पा," तो गेल्या आठवड्यात म्हणाला होता. "द गाइज विल लव्ह इट."

मी त्यातही काहीतरी वाचलं. म्हातारा माणूस कशातही काहीतरी वाचतो.

इथे नोकरी संपली की व्हिसाही संपतो. मग थोड्या दिवसांची सवलत असते, तेवढ्यात निघायचं. नाहीतर मुलाने आईवडिलांचा व्हिसा काढायचा. त्यासाठी त्याचा पुरेसा पगार आणि दोन खोल्यांचं घर लागतं, शिवाय शपथेवर लिहून द्यायचं की यांना सांभाळणारा मीच आहे. एप्रिलमध्ये मी त्या व्हिसाला लागणारा आमच्या लग्नाचा दाखला मुंबईला पाठवून त्यावर सगळे शिक्के मारून घेतले आणि वेदांगच्या हातात दिला. "राहू दे तुझ्याकडे," म्हणालो. राहू का, असं विचारलं नाही. ते माझ्याच्याने झालं नसतं. दाखला दिला की त्याला कळेल, असं मला वाटलं. त्यानंतर दोन-तीनदा मी नुसतंच म्हणालो, "ते कागदांचं..." आणि तो म्हणाला, "होईल, पप्पा. इन्शाल्ला."

तीस वर्षं या देशातल्या कचेरीत काढलेल्या माणसाला काउंटरवरचं इन्शाल्ला म्हणजे बहुतेक नाहीच, हे कळायला हवं होतं. पण तो शब्द मुलाच्या तोंडून आला म्हणून मी तो सरळ घेतला.

संध्याकाळी सहाच्या सुमारास मंडळी जमली. रुहान घरी जाऊन निळा सदरा घालून परत आला. मग वासिफ आला, हातात शवार्माच्या दोन मोठ्या पिशव्या घेऊन. वासिफ हैदराबादचा, पण जन्म शारजाचा. वेदांगच्या एक वर्ष पुढे होता. मागून आणखी दोघं-तिघं आले. सृष्टी बँकेतून आली आणि कपडे न बदलताच पलंगावर पाय घेऊन बसली. आमच्या पलंगावर. मला ते बरं वाटलं. हॉलमधले बीनबॅग आत आले. तरी जागा पुरेना.

"अंकल, मे आय सिट ऑन युवर लायब्ररी?" वासिफने खोक्यांकडे बोट दाखवून विचारलं.

"बस की. पण मधल्यावर बस. कडेच्यात शब्दकोश नाहीत, ते खचेल."

"हबीबी, सुना? डिक्शनरी पे बैठना है. पहली बार कोई किताब काम आई."

विभावरी कोथिंबीर वड्यांचं ताट घेऊन आली. "आधी हे खा. ते गुंडाळलेलं मग."

"आंटी, यू आर द रिअल नंबर वन टीम," रुहान म्हणाला.

"लोणी लावू नकोस. बशी घे. खाली तुकडे पाडलेस तर तुलाच झाडायला लावीन."

नवीन टीव्हीवर गेल्या वर्षीचे तुकडे आवाज बंद करून चालू होते. माणसं भिंतभर धावत होती. इतक्या मोठ्या आकारात मी तो खेळ कधी पाहिला नव्हता. मैदानावरच्या गवताचं पातं न पातं वेगळं दिसत होतं.

"ओके. प्रीव्ह्यू," वेदांगने रिमोट उंच धरला. "रुहान फर्स्ट."

"हेरन्स बाय टेन," रुहान म्हणाला. "न्यू क्वार्टरबॅक. त्याचा हात बघितलाय? तोफ आहे."

"तोफ!" वासिफ म्हणाला. "हबीबी, कॉल्डर की डिफेन्स देखी है? तेरी तोफ को बोलने भी नहीं देंगे. तीन सेकंड में खलास. कॉल्डर बाय फोर्टीन."

"तू कुणाच्या बाजूने आहेस, वासिफ?"

"दिल हेरन्स का, दिमाग मेरा अपना."

"गेल्या वर्षीपण तू हेच बोललास आणि आपण जिंकलो."

"इसीलिए तो बोल रहा हूँ. मैं बोलता हूँ तो उल्टा होता है. सॅक्रिफाइस है मेरा."

सृष्टीला विचारलं तर ती म्हणाली, "मी फक्त रंग बघते. कॉल्डरचा तो मातकट लाल फारच वाईट आहे. सो, हेरन्स." सगळे ओरडले. मग वेदांग माझ्याकडे वळला. "पप्पा. यल्ला, चला."

मी चष्मा लावला. माझ्या हातात चार कागद होते. सुरुवात केल्यावर आवाज बरा निघाला असावा, कारण कोणी हललं नाही. मी वाचलं ते साधारण असं की, सगळे जण क्वार्टरबॅककडे बघतात, कारण चेंडू त्याच्या हातात असतो. पण चेंडू फेकायला त्याला जे दोन-तीन सेकंद मिळतात, ते त्याचे स्वतःचे नसतात. त्याच्या पुढे पाच जण उभे असतात. त्यांना कधी चेंडू मिळत नाही, त्यांचं नाव कोणी ओरडत नाही. त्यांनी फक्त अंगावर येणाऱ्याला अडवून धरायचं, मागच्याने काय केलं ते त्यांना पाहताही येत नाही. त्या पाचांच्या मधला तो सेंटर. आणि लेकमाँटचा सेंटर ओस्टरमन हा गेली दोन वर्षं सगळ्यात भक्कम आहे. तेव्हा कॉल्डरचे लोक कितीही दांडगे असले तरी, जोवर मध्ये ओस्टरमन उभा आहे तोवर...

"अंकल," रुहान हळूच म्हणाला.

मी थांबलो.

"ओस्टरमन नाहीये. ट्रान्सफर झाला. एप्रिलमध्ये."

"कुठे गेला?"

वासिफला हसू आवरेना. तो खोक्यावरच पुढे-मागे डोलू लागला. "कॉल्डर! अंकल, ही इज विथ कॉल्डर! आप उनकी टीम का प्रीव्ह्यू पढ़ रहे हैं!"

सगळे हसले. दुष्टपणाने नव्हे. असल्या गोष्टीला कोणीही हसेल, मीही हसलो. एप्रिल ते जुलै मी दाखल्याच्या शिक्क्यांत आणि सामानाच्या बांधाबांधीत होतो. नवीन काही वाचलंच नव्हतं. ज्याने आयुष्यभर लोकांच्या हातातून जुन्या प्रती काढून घेतल्या, तोच जुनी प्रत घेऊन सगळ्यांसमोर उभा होता.

"त्याने मुलाखतीत सांगितलं होतं," मी म्हणालो, "की लेकमाँट माझं घर आहे."

"सगळेच सांगतात, पप्पा," वेदांग म्हणाला. "इट्स नॉट पर्सनल. आता एव्हरीवन मूव्हज. बेटर ऑफर आली, गेला."

"मला कोणी सांगितलं नाही."

"वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

मी कागदांची घडी घातली. वासिफला बहुतेक वाईट वाटलं असावं. तो मनाचा चांगला आहे. पुढे वाकून त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "अंकल, कोई बात नहीं. नेक्स्ट गेम का प्रीव्ह्यू पूना से भेजना. वहाँ आराम से बैठ के लिखना. ट्यूसडे की फ्लाइट है ना आपकी?"

टीव्हीवर कोणीतरी कोणालातरी खाली पाडलं. आवाज बंद होता.

रुहानचं लक्ष नव्हतं. तो वडी तोंडात घालत वेदांगला म्हणाला, "मग बेड कधी काढतोयस? मी ते रिक्लायनर बघितले. चार आरामात बसतील. तिकडे कॉर्नरला मिनी फ्रिज."

मी वेदांगकडे पाहिलं. तो हातातल्या रिमोटकडे पाहत होता. सृष्टीने पलंगावरचे पाय खाली घेतले. मग मी दाराकडे पाहिलं. विभावरी रिकामं ताट घेऊन उभी होती. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. ती फक्त माझ्याकडे बघत होती, दूध उतू जाईल की काय अशा नजरेने.

माझी खोली, माझा पलंग, माझा मंगळवार. सगळ्यांना माहीत होतं. जो आता त्या संघात नव्हता, त्या खेळाडूचं मला माहीत नव्हतं, तसंच हेही.

"हो," मी म्हणालो. "मंगळवारी. तिकडे हे सामने रात्री साडेनऊला लागतील. जेवून बघायला सोयीचं."

वेदांगचे खांदे खाली आले. मी पाहिलं. माझा मुलगा सुटकेचा श्वास घेत होता. त्या संध्याकाळी मला सगळ्यात जास्त लागलं असेल तर ते.

पाणी प्यायला म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो. विभावरी मागोमाग आली आणि तिने उगाचच गॅस लावला.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"हळू बोला. ऐकू जाईल."

"कधीपासून?"

"मे महिन्यापासून. मी सरळ विचारलं त्याला. आम्ही इथे राहू का, म्हणून." तिने कढईत तेल ओतलं. "तो म्हणाला, आई, मी सगळं बघितलं. व्हिसा, तुमच्या वयाचा इन्शुरन्स, जड जातं. आणि नवीन लग्न आहे आमचं. मी म्हटलं, बरं."

"नुसतं बरं?"

"मग काय त्याच्या पाया पडू? पोटचा आहे माझ्या."

"मला सांगायचं होतंस."

"तुम्ही विचारायचं होतं त्याला. बाप आहात." मग तिचा आवाज खाली आला. "रोज सकाळी उठून त्या बगळ्यांचं लिहीत बसायचात. रुवैसला इतकी वर्षं काढली, पण तुम्हाला इतकं खुशीत मी पाहिलं नाही. म्हटलं, एवढा सामना होऊ दे."

आमच्या पुण्याच्या घरातला भाडेकरू जूनमध्ये सोडून गेला तेव्हा वेदांगने मला दुसरा शोधू दिला नव्हता. मला वाटलं होतं, भाडी वाढायची वाट पाहतोय.

"म्हणून खोकी उघडू देत नव्हतीस."

"दोन-दोनदा कशाला भरायची?" ती म्हणाली आणि वड्या तेलात सोडल्या.

तेवढ्यात वेदांग आला. फ्रिज उघडला, बंद केला. काहीच घेतलं नाही.

"पप्पा, मी मॅचनंतर सांगणार होतो. आय स्वेअर. तुमचा मूड जायला नको म्हणून." तो भराभर पुढे बोलू लागला. "इथे तुम्ही करणार काय? चार महिने उन्हामुळे दिवसा बाहेर पडता येत नाही. आम्ही दोघं दिवसभर ऑफिसला. तिकडे लायब्ररी आहे, मधूकाका आहेत. यू विल बी हॅपियर. आणि आम्ही येऊच की डिसेंबरमध्ये."

"इन्शाल्ला," विभावरी कढईतून नजर न काढता म्हणाली.

मला पुष्कळ बोलायचं होतं. मी तुझ्याशी बोलता यावं म्हणून एक अख्खा खेळ शिकलो, हे तर नक्कीच म्हणायचं होतं. पण अशा वेळी माझ्या तोंडून नेहमी भलतंच काहीतरी बाहेर पडतं.

"तो दाखला कुठे आहे?" मी विचारलं.

"कुठला?"

"आमच्या लग्नाचा. शिक्के मारून आणलेला."

त्याला आठवायला क्षणभर लागला. "सेफ आहे, पप्पा. गाडीत आहे. पुढच्या कप्प्यात."

"एप्रिलपासून?"

"हो. का?"

"काही नाही. उन्हाने पिवळा पडला असेल."

तो काहीतरी म्हणणार होता, पण खोलीतून आरडाओरडा सुरू झाला. "वेदांग! अंकल! किकऑफ! यल्ला, यल्ला!"

"चला, पप्पा," तो म्हणाला. माझ्या पाठीवर हात ठेवला. लहानपणी शाळेच्या बसपर्यंत मी त्याच्या पाठीवर असाच हात ठेवून नेत असे. तेव्हा त्यालाही जायचं नसायचं.

आता त्या तालमीबद्दल. सामना सुरू होताना पलीकडचा संघ चेंडू उंच आणि लांब लाथाडतो आणि लेकमाँटचा माणूस तो झेलतो. चेंडू हवेत असेपर्यंत लेकमाँटचे सगळे पाठीराखे एका पायावर उभे राहतात, बगळ्यासारखे. झेल होईपर्यंत पाय टेकवायचा नाही. टेकवला तर वर्ष वाईट जातं म्हणतात. वेदांगने हे मला पहिल्या वर्षीच फोनवर सांगितलं होतं. रुवैसच्या क्वार्टरमध्ये फोनवर सामना लावून मी फ्रिजला धरून एकटाच तसा उभा राहायचो. विभावरी हसायची. हे मी वेदांगला कधी कळवलं नव्हतं.

खोलीत सगळे उठून उभे राहिले होते. वेदांगने गेल्या वर्षीच्या पहिल्या सामन्याचं चित्रण लावलं आणि आवाज सोडला. लाख माणसांचा तो आवाज आमच्या खोलीत मावत नव्हता. खिडकीची काच थरथरली.

"पप्पा, इकडे या. भिंतीला धरा," सृष्टी म्हणाली.

टीव्हीच्या कडेला, माझ्या खोक्यांच्या आणि भिंतीच्या मध्ये माणूसभर जागा होती. तिथे मी उभा राहिलो आणि डावा पाय उचलला. इतक्या जवळून चित्र दिसत नाही, नुसता हिरवा आणि निळा उजेड दिसतो. भिंतीवर ठेवलेल्या माझ्या हातावर तो पडत होता. टीव्ही अगदी सरळ लागला होता. बुडबुडा मी नीट पाहिला होता.

चेंडू उडाला. सगळे ओरडू लागले. वासिफ डगमगला आणि रुहानच्या गळ्यात पडला. "टेकवू नको! टेकवू नको!" "अरे, तूच पाडतोयस मला!" सृष्टी हसता हसता वेदांगच्या दंडाला लटकली. एका पायावर उभी असलेली ती तरुण, निरोगी मुलं. त्यांचं काही चुकत होतं, असं मला अजूनही म्हणता येत नाही.

झेल झाला. एकच आरोळी उठली आणि सगळ्यांचे पाय एकदम खाली आले. लोक जिथे जागा मिळेल तिथे कोसळले. कोणीतरी बीनबॅग माझ्या बाजूला लोटला. रुहानने आपली बशी खाली ठेवली. वासिफ पुन्हा शब्दकोशांवर बसला.

"पप्पा, कॅच झाला," वेदांग म्हणाला. "पाय खाली घ्या."

"हो, हो," मी म्हणालो.

खाली पाहिलं. एका बाजूला खोका, एका बाजूला बीनबॅग, मध्ये रुहानची बशी. त्यावर अर्धी खाल्लेली वडी. भिंतीला धरलेला माझा हात घामाने सरकत होता. मुलं पुन्हा टीव्हीकडे बघू लागली होती.

विभावरी दारातून आत आली. कुणाला काही न बोलता, बसलेल्यांच्या मधून वाट काढत ती माझ्यापर्यंत आली, वाकली आणि तिने ती बशी उचलली. एका फरशीएवढी जागा झाली.